पंपावरचा बोल्ट

शनिवार, रात्र. ऑक्सफर्ड.

आज लिलावात ती एमजी टीसी विकली गेली. एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९४८ ची, गडद हिरवी. काल लिलावाआधी गाड्या बघायला ठेवल्या होत्या, तेव्हा दोन तास मी तिच्यापाशीच होतो.

टीसीच्या पत्र्याखाली अ‍ॅशच्या लाकडाचा सांगाडा असतो. तेव्हा रंगावर, क्रोमवर भुलू नये, आधी दार धरावं. हिच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला. दार उघडून पुढच्या टोकाशी बोटं घातली आणि किंचित वर उचललं. तसूभर हललं नाही. खांबाचं लाकूड कुजलेलं असतं तर तिथेच कळलं असतं. सोडल्यावर दार टक् करून बसलं. फार बरं वाटलं.

मग बॉनेट उघडलं. साडेबाराशे सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, सगळं हाताशी. या इंजिनाचे बोल्ट मला जवळचे, कारण बाबांचे व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, पाने मी पुण्याहून इकडे आणलेत आणि ते यांना चपखल बसतात. फक्त डोक्यांना हं! आटे मेट्रिक आहेत. ही इंजिनं बनवणाऱ्या मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला कारखाना घेतला. तिथल्या यंत्रांवर मेट्रिक आटे पडायचे आणि इंग्लंडभरच्या गॅरेजांत पाने व्हिटवर्थचे. म्हणून आटे तेच ठेवून डोकी बदलली.

पाण्याच्या पंपावर एक बोल्ट वेगळा दिसला. डोकं आजच्या मापाचं. पोटात धस्स झालं. आजचा साधा आठ मिलिमीटरचा बोल्ट सव्वा मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर; या इंजिनातला एक मिलिमीटरचा. जोर करून पिळला असेल तर आतले आटे गेलेच.

आज बोली चढताना सारखं वाटत होतं, फोनवरून कुणीतरी घेईल आणि गाडी गोदामात चादरीखाली जाईल. अ‍ॅबिंग्डनचा एमजीचा कारखाना १९८० मध्येच बंद झाला, इथून जवळच होता. त्याच रस्त्यांवर ही पळायला हवी. शेवटी तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी घेतली. हातोडा पडल्यावर मी सरळ त्यांच्याकडे गेलो, गाडी चालवणार का विचारलं. ‘उद्यापासून,’ म्हणाले. मग त्यांना तो बोल्ट दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिलं, कॅटलॉगच्या कोपऱ्यात लिहून घेतलं आणि स्वतःचा पत्ता मला दिला.

पान्यांचा डबा पुसून दाराशी ठेवलाय. सकाळी नऊला जायचंय.