‘नवीन शर्त’ नवीन नाही

“सातबाऱ्यावर नवीन शर्त लिहिलंय. आता कोणती नवी अट लावली सरकारने?”

आज ऐकलेला हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. कारण ही शर्त शंभरहून जास्त वर्षं जुनी आहे! जमीन महसूल कायद्यातल्या 1901 च्या दुरुस्तीने मुंबई इलाख्यात हस्तांतरणावर बंधन असलेली जमीनधारणा आली. आधीची मोकळी धारणा ती जुनी शर्त, म्हणून ही नवीन. म्हणजे इथे शर्त हा शब्द अटीसाठी नाही, जमीन कोणत्या हक्काने धरली त्यासाठी आहे.

मूळ शब्द अरबी, ‘शर्त’. फारसीतून दफ्तरात आला आणि करारात बसला. बैलगाडीची शर्यत त्याचंच भावंड. पैज लावतानाही आधी अटच ठरते ना!

घोळ होतो तो व्यवहारात. गाव नमुना सातवर वरच्या बाजूला ‘भूधारणा पद्धती’ असते. तिथे ‘भोगवटादार वर्ग 2’, म्हणजे हस्तांतरणावर बंधन असलेली जमीन, असं दिसलं की इसार देण्याआधी थांबा. जुन्या उताऱ्यांवर ‘नि.स.प्र.’ एवढंच असतं, म्हणजे नियंत्रित सत्ता प्रकार. ही तीन अक्षरं हमखास नजरेतून सुटतात. मग इतर हक्काचा रकाना बघा, फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) काढा आणि जमीनवाटपाचा मूळ आदेश मिळवा. खऱ्या अटी त्या आदेशात असतात, सातबाऱ्यावर नुसती खूण.

सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री झाली, तर तो शर्तभंग. जमीन सरकारजमा होऊ शकते.

तुमच्या उताऱ्यावर काय लिहिलंय?