टर्कीने उडवलेली टर

तीन आठवडे, सात पहाटा, अंगावरून ओढून काढलेल्या सव्वीस गोचिड्या. हाती लागलेले टर्की पक्षी: शून्य. हिशोब आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी फोटो असेल या आशेने कुणी खाली सरकवत बसायला नको.

हे सगळं शेजारच्या म्हाताऱ्यांमुळे झालं. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणतो. त्यांच्या गॅरेजमध्ये एकदा शिडी मागायला गेलो होतो. भिंतीवर टर्कीच्या शेपट्यांचे पंखे ठोकलेले होते. मी सहज म्हणून गेलो, "माझे आजोबाही शिकार करायचे." बास. परदेशात आपल्या आजोबांबद्दल जपून बोलावं.

आजोबांची शिकार म्हणजे संगमेश्वराकडची पारध. ठासणीची बंदूक, परवाना शेताच्या राखणीचा, आणि निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर पारध बंदच झाली, त्यामुळे मी फक्त गोष्टी ऐकल्या. त्या गोष्टींत अर्धं गाव होतं, हाका होता, कुत्री होती, डबे बडवणारी पोरं होती. शिकार म्हणजे आरडाओरडा, हेच माझ्या डोक्यात पक्कं. मास्तरांची शिकार म्हणजे झाडाला पाठ लावून गप्प बसणं. सात तास! पापणी लववायचीसुद्धा चोरी.

अमेरिकेच्या मिझुरी राज्यात, म्हणजे आमच्याकडे, १ जानेवारी १९६७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्याआधी शिकारीच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते घरबसल्या ऑनलाइनही मिळतं, पण मास्तरांनी वर्गात जायला लावलं. माझ्या डावीकडे बारा वर्षांचा मुलगा, उजवीकडे त्याची बहीण. दोघांनाही माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले. असो.

खरी शिकवणी मास्तरांच्या ओट्यावर. टर्कीला बोलवायची जी साधनं असतात त्यात एक गोल पाटी असते आणि ती खरवडायला काडी. अक्षरशः पाटी-पेन्सिल! ज्या करकरीबद्दल बिगरीत बाईंनी माझ्या बोटांवर पट्टी मारली होती तीच करकर हे म्हातारबुवा महिनाभर माझ्याकडून घोटून घेत होते. नीट जमली तर ती मादीची साद वाटते. नाही जमली तर बायको आतून ओरडते. दाणे टाकून पक्ष्याला बोलवायला कायद्याने बंदी, रेकॉर्ड केलेला आवाज लावायलाही बंदी. तेव्हा पाटी गिरवण्याला पर्याय नव्हता.

यातली खरी मेख मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. टर्कीच्या जगात नर ओरडतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. आपण मादी बनून नराला म्हणतो, तूच ये. म्हणजे त्याच्या घराण्याची रीतच उलटी करायची. तो अर्ध्या वाटेत थांबतो, पिसारा फुलवतो आणि वाट बघतो. आपणही वाट बघतो. दोघांपैकी ज्याचा धीर आधी सुटेल तो हरला.

हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होतो आणि तीन आठवडे चालतो. सरकारी जंगलात सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी एकपर्यंतच बंदूक चालवायची. मी सोमवारची रजा टाकली, कारण सांगितलं 'घरगुती काम'. सेंट लुईसहून दक्षिणेला दीडेक तास, पोटोसी गावाच्या पुढे मार्क ट्वेन राष्ट्रीय वनाचा एक तुकडा आहे. हे वन एकूण १५ लाख एकरांचं, पण सलग नाही, मध्ये मध्ये खासगी जमिनी. १५ लाख एकर ऐकून मला वाटलं होतं की तिथे आम्ही दोघंच असू. पहाटे साडेचारला खडीच्या तळावर पाच पिकअप उभ्या! दुसऱ्या वाटेवर तीन. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सोय इथे नाही. जो आधी पोचला त्याचं रान, आपण मुकाट्याने पुढे सरकायचं. तिसऱ्या तळावर जागा मिळाली तोवर फटफटलं होतं. मास्तर एक अक्षर बोलले नाहीत, पण मी गॅसपंपावर कॉफीला थांबवलं होतं हे त्यांच्या मानेवर लिहिलेलं दिसत होतं.

शनिवारी मास्तरांनी त्यांचा पक्षी मारला. मी दुसऱ्या डोंगरधारेवर होतो, लांबून एक बार ऐकला. छातीवरची दाढी दहा इंच, पायामागचे काटे इंचभर. (हो, नर टर्कीला छातीवर केसांसारखा झुबका असतो, त्याला दाढीच म्हणतात.) परत येताना गाडीत त्यांनी पाढ्यासारखं म्हणून दाखवलं: १९५० च्या सुमारास राज्यात अडीच हजारांहून जास्त टर्की उरल्या नव्हत्या. मग पक्षी पकडून नव्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली. १९६० साली पहिला वसंतातला हंगाम, तीन दिवस, १४ काउंट्या, ६९८ शिकारी, ९४ पक्षी. "सातांत एक," ते म्हणाले, "तेव्हाही बाकीचे सहा तुझ्यासारखेच रिकाम्या हाताने घरी गेले." ही समजूत होती की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

रविवारची गोष्ट सांगायला नको खरं तर. सकाळी आठला मी पाटी करकरवली आणि समोरच्या ओहोळापलीकडून मादीने उत्तर दिलं. मी पुन्हा, तिने पुन्हा. मास्तरांचा धडा आठवला: मादी बोलत असेल तर तिच्याशी भांडण काढ, ती चिडून येईल आणि मागून नर येईल. मी भांडलो. पाऊण तास भांडलो. ती काय भांडकुदळ होती! आणि मग पलीकडच्या ओकच्या बुंध्याशी, झुडपातून, एक बूट दिसला. आम्ही दोन बाप्ये पाऊण तास एकमेकांना माद्या समजून झोंबत होतो. अशा वेळी हात हलवायचा नाही, मोठ्याने माणसाचा आवाज काढायचा, हा नियम वर्गात तीनदा घोकून घेतला होता. टर्कीच्या नराचं डोकं लाल-पांढरं-निळं असतं म्हणून त्या रंगाचा रुमालसुद्धा नेऊ नका म्हणतात. मी घाबरून ओरडलो खरा, पण तोंडातून निघालं, "अहो, माणूस आहे! माणूस!" पलीकडचा बूट जागच्या जागी गोठला. आयुष्यात त्याने पुष्कळ टर्क्या ऐकल्या असतील, संगमेश्वरची पहिलीच.

मधल्या शनिवार-रविवारी पाऊस. भिजलो, परत आलो.

शेवटचा शनिवारही कोरडा गेला, पण संध्याकाळी एका धारेवर एक नर ओरडलेला ऐकू आला. आवाज कसा, तर तोंड निमुळतं असलेल्या हंड्यातून घाईघाईने पाणी ओतावं तसा. उद्या इथेच, हे ठरवलं. उद्या म्हणजे इथला मदर्स डे. घरी सांगितल्यावर बायको एवढंच म्हणाली, "जा. मुलांनी काय केलं ते संध्याकाळी येऊन बघ." यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

पहाटे अंधारात धारेवर पोचलो. इथे रातव्याचा एक चुलतभाऊ असतो, तो न थकता एकच तीन अक्षरी शब्द म्हणत राहतो. तो थांबला की घुबड. घुबड घुमलं आणि माझ्यापासून दोनशे पावलांवर, झाडावरूनच, टर्कीने त्याला उत्तर दिलं. त्याला उत्तर दिल्याशिवाय राहवतच नाही, म्हणे. मोठा आवाज झाला की गळा आपोआप फुटतो. मग उजाडलं, पंखांचा धडधडाट झाला, तो खाली उतरला आणि चारसहा माद्यांबरोबर दरीपलीकडे चालता झाला. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी माझी शिकार संपली होती.

उठून घरी गेलो असतो. नाष्ट्यापर्यंत पोचलो असतो. पण मास्तरांनी बजावलं होतं की दहानंतर माद्या अंड्यांवर जाऊन बसतात, मग नर एकटा पडतो आणि सकाळी कुठून साद आली होती ते त्याला आठवतं. बसलो. पुढ्यात पंधरा पावलांवर प्लास्टिकची मादी. दर वीस मिनिटांनी पाटीवर तीन रेघा. मध्येच आठवलं की तुर्कस्तानात या पक्ष्याला 'हिंदी' म्हणतात. इंग्रजांना वाटलं हा तुर्कांचा, तुर्कांना वाटलं हा हिंदुस्थानचा, आणि पक्षी मूळचा इथला. म्हणजे या रानात जन्माने हिंदी असलेला मी एकटा आणि नावाने हिंदी असलेला तो.

साडेअकराच्या सुमारास पाठीमागे पाचोळा वाजला. थेट माणसासारखी पावलं. दोन पावलं, थांबणं, तीन पावलं. मला वाटलं, आला आणखी एक बूटवाला. ओरडणार तेवढ्यात वेगळाच आवाज आला. आधी 'प्स्ट', आणि मग एक घुमारा, जो कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त कळतो. लांबच्या देवळात पखवाजावर कुणी नुसता तळवा ठेवून उचलावा तसा.

तो होता. माझ्या पाठीला लागलेल्या झाडाच्या पलीकडे.

बंदूक गुडघ्यावर, तोंड नेमकं उलट दिशेला. टर्कीला वास फारसा येत नाही, पण नजर अशी की नुसती मान वळवलीत तरी संपलं. मी बसून राहिलो. प्स्ट, घूंऽऽ. तो डावीकडे गेला, परत आला. त्याची पिसं पाचोळ्यावर घासत होती तेही ऐकू येत होतं. प्लास्टिकची मादी ढिम्म, आणि तो तिला दाखवत होता की बाई, मी इतका देखणा, आता तू ये. डावा पाय बधिर झाला. मानेवर काहीतरी चालत वर येत होतं, ते काय आहे हे मला नीट माहीत होतं आणि मी त्याला चालू दिलं. घड्याळ बघता येत नव्हतं. पुढे सरकेल, दिसेल, मग. पुढे सरकेल, मग. ऑफिसात दहा मिनिटांच्या मीटिंगमध्ये तीनदा फोन बघणारा मी, श्वास मोजून घेत होतो.

आणि मग मी वळलो.

खरं सांगतो, मारायला नाही वळलो. बंदूक गुडघ्यावरच राहिली. इतका वेळ ऐकलेलं एकदा बघायचं होतं, बस. बुंध्याच्या कडेने निळं-पांढरं डोकं दिसलं, उन्हात पितळेच्या घंगाळासारखी चमकणारी पाठ दिसली, एक डोळा दिसला. 'पट्' असा एकच आवाज. पाय दिसायच्या आत तो उतारावरून पळत गेला. उडायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. मास्तर नंतर म्हणाले, बंदूक उचलून वळला असतास तरी मिळाला नसता. हे ते मला बरं वाटावं म्हणून म्हणतात, त्यांना खोटं बोलता येत नाही.

पायात मुंग्या येऊन थांबेपर्यंत उभं राहता येईना. झाडामागे लाकूडतोडीची जुनी, मातीची वाट होती. तिच्यावर तीन बोटांचे ठसे, आणि दोन्ही बाजूंना पंखांच्या टोकांनी ओढलेल्या बारीक रेघा. जात्या, येत्या, पुन्हा जात्या. जणू कुणीतरी पाटी गिरवलेली. पावलं टाकून मोजलं: बुंध्यापासून आठ. घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. म्हणजे तो अर्धा तास तिथे होता. एक वाजेपर्यंत आणखी बसता आलं असतं, पण मी काडतुसं काढून खिशात टाकली आणि त्या रेघांशेजारी बसून सोबत नेलेला थालीपिठाचा घास खाल्ला.

घरी पोचलो तर जिन्यापर्यंत मसाल्याचा वास. मुलांनी केलेलं कार्ड फ्रीजवर होतं, त्यावर आईच्या शेजारी टर्कीचं चित्र आणि टर्की हसत होती. कढईत कोंबडीचा रस्सा रटरटत होता. मी हात धुता धुता विचारलं, "कोंबडी कधी आणलीस?"

"शनिवारी रात्रीच फ्रीझरमधून काढून ठेवली होती," बायको म्हणाली. "मानेवर काय आहे तुझ्या? इकडे ये उजेडात."