ब्रेकची गोष्ट नंतर

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात एका पबच्या अंगणात परवा दुपारी व्हॉक्सहॉल ३०-९८ ही जुनी मोटार उभी दिसली. चकचकीत बॉनेटच्या आधी माझी नजर गेली ती इंजिनाखाली सरकवलेल्या पत्र्याच्या ट्रेकडे. त्यात तेलाचे थेंब सावकाश पडत होते, आणि मालकाला त्याची फारशी फिकीर दिसत नव्हती. ही मोटार रोजच्या रोज नाही, तरी नेमाने रस्त्यावर येते, एवढे त्यावरून कळले.

१९१३ ते १९२७ या काळात व्हॉक्सहॉलच्या ल्यूटनमधल्या कारखान्यातून अशा सुमारे ६०० गाड्याच बाहेर पडल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच ऑस्ट्रेलियात गेल्या. जोसेफ हिगिन्सन नावाच्या हौशी गृहस्थांना शेल्सली वॉल्शच्या घाटशर्यतीत पहिले यायचे होते. त्यांच्यासाठी व्हॉक्सहॉलचे अभियंते लॉरेन्स पोमेरॉय यांनी पहिली गाडी घडवली आणि हिगिन्सन यांनी १९१३ साली तिथला विक्रम मोडला. पुढच्या, ४२२४ सीसीच्या इंजिनाच्या गाडीबद्दल तर कारखानाच हमी देई, की मडगार्ड वगैरे उतरवून ब्रुकलँड्सच्या मोटारशर्यतीच्या धावपट्टीवर नेल्यास ती ताशी १०० मैलांचा वेग गाठेल.

थांबण्याची हमी मात्र कोणी दिल्याचे ऐकिवात नाही. सुरुवातीच्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. पायाखालचा ब्रेक गिअरबॉक्समागच्या शाफ्टला धरी, हाताचा दांडा मागच्या चाकांना, आणि दोन्ही मिळूनही चालकाला देवाचे नाव घ्यावेच लागे. नंतर पुढे ब्रेक आले, पण त्यांचीही कोणी फारशी तारीफ केली नाही. समोरची गाडी त्या आधीच्यांपैकी होती. "वळण दिसण्याआधीच वेग कमी करायचा," मालकांनी शांतपणे सांगितले. चामड्याच्या बैठकीला पडलेल्या भेगा त्यांनी मुद्दाम तशाच ठेवल्या होत्या. बॉनेटच्या दोन्ही अंगांनी मागे जाणाऱ्या, व्हॉक्सहॉलची ओळख असलेल्या पन्हाळ्या मात्र घासून लखलखीत केल्या होत्या. माणसाने निगा राखावी ती अशी, थोडी पक्षपाती.

संग्राहकांच्या दुनियेत याच्या उलट वागणारेही पुष्कळ असतात. हवेतला दमटपणा काढून टाकणाऱ्या गॅरेजात गाडी ठेवायची, चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक मूळचाच असल्याचे कागद जपायचे, आणि प्रदर्शनालाही ती ट्रकवर चढवून न्यायची. कागद जपावेत, त्याला माझी हरकत नाही. पण घाट चढण्यासाठी जन्माला घातलेल्या यंत्राला दुसऱ्या यंत्राच्या पाठीवर बसवून फिरवणे मला काही केल्या पटत नाही.

ही अढी जुनी आहे. पुण्यात आमच्या वाड्यातल्या एका काकांकडे मॉरिस होती आणि ती बाराही महिने ताडपत्रीखाली असे. दसऱ्याला ताडपत्री निघे, झेंडूची माळ चढे, चाकांखाली लिंबे ठेवली जात, आणि आम्ही मुले ती लिंबे उचलून घेऊन गाडी ढकलत दरवाजापर्यंत नेऊन त्याच लिंबांसकट परत आणत असू, कारण चाकांनी लिंबे चिरडली तरी टायर खराब होतील, अशी काकांना धास्ती वाटे. हॉर्न वाजवायला पाळ्या लागत. बॅटरी नसल्यामुळे तो तोंडानेच वाजवावा लागे.