घोटभर पाण्यावरचं इसबगोल

आजोबा आले ते हार्ट अटॅकची केस म्हणून. औसा तालुक्यातलं गाव, रात्रीची वेळ, छातीत गच्च दुखतंय. ईसीजी नीट, रक्ताचा रिपोर्ट नीट. पण माणूस सारखा तांब्यात थुंकत होता. मी लातुरात एंडोस्कोपी टेक्निशियन आहे. ज्याला स्वतःची लाळ गिळता येत नाही त्याची अन्ननलिका बंद पडलीय, एवढं आम्हाला लांबूनच कळतं. कॅज्युअल्टीतल्या पोरांना मात्र छाती म्हटलं की हृदयच दिसतं. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, आधी तेच बघायला हवं.

“खाल्लं काय होतं?”

“काई नाही ओ. निजताना इसबगोल घेतलं. तवापासून पाणी बी उतरना.”

चमचाभर इसबगोलाची कोरडी फक्की, वर घोटभर पाणी आणि लगेच आडवे. अडकलं तसं घरच्यांनी केळं चारलं, मग कोमट पाणी पाजलं. भुसा आणखी फुगला.

आमच्या एंडोस्कोपीच्या डॉक्टर सरांनी भूलतज्ज्ञांना बोलावून आधी श्वासनलिकेत नळी टाकून घेतली, कारण वर साचलेलं सगळं फुप्फुसात उतरायची भीती. मग स्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची लवचिक नळी, आत. खळीसारखा पारदर्शक, बुळबुळीत गोळा. नाणं चिमट्यात येतं, मटणाचा तुकडा जाळीत येतो. हे कशातच येत नाही. तारांची बास्केट आवळली की फटींतून निसटतं. ओढून घ्यायला सक्शन लावलं की स्कोपमधली पोकळ वाट, चॅनल, चोंदते. स्कोप बाहेर घ्या, ब्रश फिरवा, फ्लश करा, पुन्हा आत. पाण्याचा फवारा मारून धुवायचा मोह होतो, पण तो आवरायचा. कोण पटकन मोकळं करून देतो यावर सरांचा हात चालतो, आणि ते काम माझं. लोक फक्त ‘सरांनी काढलं’ म्हणतात.

गोळा तुकड्यातुकड्याने निघाला आणि त्याच्याखाली खरी भानगड दिसली. अन्ननलिका तिथे आकसून अरुंद झाली होती. जुन्या आम्लपित्ताने व्रण पडत गेले की असं होतं. बायोप्सी घेतली, म्हणजे तपासायला छोटासा तुकडा काढला.

बाहेर येऊन मुलाला विचारलं, तर म्हणाला, “वर्ष झालं, भाकर दुधात कुस्करूनच खातेत. आमाला वाटलं, दात नाहीत म्हणून.”

तोंडात माउथ गार्ड मीच बसवला होता. दात होते.

आता गावात बोभाटा झालाय की इसबगोलाने म्हातारा मरता मरता वाचला. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. गुजरात-राजस्थानात पिकणारा हा साधा भुसा. पाणी धरून मल मऊ आणि भरदार करतो, म्हणून बद्धकोष्ठावर चालतो आणि पातळ जुलाबातही. कोलेस्टेरॉल थोडं उतरवतो; १९९८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रोज ७ ग्रॅम विद्राव्य (पाण्यात विरघळणाऱ्या) तंतूंच्या हिशेबाने, हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असा दावा पाकिटावर करायला परवानगी दिली. पण त्याच प्रशासनाने १९९३ सालीच पुरेशा पाण्याशिवाय घेतल्यास गळ्यात अडकण्याचा इशारा सक्तीचा केला होता. आपल्याकडे हे सांगायचं कुणी? दुकानदार पाकीट काउंटरवर सरकवतो आणि पुढचं गिऱ्हाईक बघतो.

दुष्काळी भाग, लोक पाणी कमीच पितात, असं एक सिस्टर म्हणाली. तसं नव्हतं. आजोबांना प्रोस्टेटचा त्रास, संडास अंगणाच्या पलीकडे. रात्री उठायला लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी तोडलेलं. एका दुखण्याची सोय दुसऱ्याच्या मुळावर आली, आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नाही.

बायोप्सीत कर्करोग निघाला नाही. फुग्याने अन्ननलिका रुंद करायला ते येतात. गिळायचा त्रास आहे तोवर इसबगोल बंद, त्याऐवजी पातळ औषध दिलंय.

परवा सोबत आजी आल्या होत्या. कोलेस्टेरॉलसाठी त्याही इसबगोल घ्यायच्या, भीतीने सोडून दिलं. मी म्हणालो, “आजी, तुम्हाला गिळायला त्रास नाही, तुम्ही घ्या. पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्या, वर आणखी पाणी, आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. थायरॉईडच्या गोळीपासून चांगलं लांब ठेवा, नाहीतर गोळी नीट अंगी लागेलच असं नाही.”

आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलाला म्हणाल्या, “त्ये पाकीट उकिरड्यावर टाकलास का न्हाई?”