औषध डॉक्टर देतात, मग नर्स संशोधन कशावर करते?

नर्सिंगमध्ये पीएचडी केली म्हटलं की समोरचा माणूस जरा थबकतो आणि मग हा प्रश्न येतो. त्यात खोच नसते, खरंच कळत नसतं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

अंथरुणाला खिळलेला पेशंट घ्या. डॉक्टर राउंड घेऊन जातात. बाकी वेळ त्याची कातडी, त्याची झोप, त्याची ओली चादर, सगळं नर्सकडे. माकडहाडावर किंवा टाचेवर सतत दाब राहिला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि कातडी मरायला लागते. आधी नुसता लाल डाग दिसतो. त्यावर बोट दाबून सोडायचं. डाग क्षणभर फिका पडला तर रक्त फिरतंय, लालच राहिला तर बेडसोर सुरू झालाय. (सावळ्या कातडीवर ही खूण धड दिसत नाही. तिथे आजूबाजूच्या भागापेक्षा जागा गरम किंवा कडक लागते का, ते हाताने चाचपावं लागतं. पाठ्यपुस्तकांनी हे सांगायला फार उशीर केला, असं माझं मत.)

यावर जुना उपाय म्हणजे स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळणं. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सने वृद्धांच्या वॉर्डांत हे सगळं तपासायला घेतलं. १९६२ मध्ये तिचा आणि सहकाऱ्यांचा अहवाल आला. मलमं-लोशनांपेक्षा ठरावीक वेळाने कूस बदलण्यावर त्यात भर होता, शिवाय धोका कुणाला जास्त हे आधीच ओळखायची पाच मुद्द्यांची पट्टीही होती. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची सहा मुद्द्यांची पट्टी आली. आता ड्युटी बदलताना नर्सेस एकमेकींना नुसतं "ब्रेडन किती?" विचारतात. ही कुणी बाई आहे, हे विचारणारीच्या गावीही नसतं.

मला विशेष वाटतं ते बर्गस्ट्रॉमबाईंचं. दर दोन तासांनी कूस बदला, हा नियम आमच्याकडे वेदवाक्यासारखा पाठ केला जातो. त्यांनी २०१३ मध्ये तोच तपासून प्रसिद्ध केला. अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधले ९४२ रहिवासी, चांगल्या फोमच्या गाद्या, कूस बदलणं दोन, तीन किंवा चार तासांनी. बेडसोरच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे अशा गादीवर झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला रात्रीतून इतक्यांदा उठवायची गरज नसावी. आयसीयूतल्या पेशंटला हे सरसकट लावू नका. तो अभ्यास वेगळा.

बढतीच्या मुलाखतीत मात्र आम्हाला विचारतात एच-इंडेक्स. एका भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेला हा आकडा. तुमच्या दहा पेपरांचा प्रत्येकी किमान दहा वेळा इतरांनी संदर्भ दिला की तुमचा इंडेक्स दहा. पण चार्टवर ब्रेडनचे गुण भरणारी नर्स कुठल्याही पेपरचा संदर्भ देत नाही. ती भरते, गादी बदलून मागते आणि पुढच्या खाटेकडे जाते. आमच्या संशोधनाचा खरा वापर या हिशोबात धरलाच जात नाही.

संदर्भांच्या हिशोबात आणि प्रत्यक्ष वापरात, दोन्हीकडे वजन असलेल्या थोड्या जणींत लिंडा एकन. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या या प्राध्यापिकेने आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये १६८ हॉस्पिटलांतल्या सर्जरीच्या सव्वादोन लाखांहून जास्त पेशंटांचा अभ्यास मांडला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्तच होता. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं महत्त्व. तिथे २०१६ मध्ये काही सरकारी हॉस्पिटलांत नर्समागे सरासरी किती पेशंट याची मर्यादा कायद्याने ठरली, दिवसा चार आणि रात्री सात. एकन ज्या गटात होत्या त्याने कायद्याआधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले. मृत्यू घटले होते, पेशंट लवकर घरी जात होते, आणि कायदा लागू नसलेल्या हॉस्पिटलांत परत भरती होण्याचं प्रमाण वाढलं तसं इथे वाढलं नव्हतं. त्यातून वाचलेला पैसा जादा नर्सेसवरच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त निघाला. प्रशासनाच्या बैठकीत मी मृत्यूचे आकडे आधी काढत नाही, हा पैशाचा काढते.