दोन व्होल्ट कुठे गेले?

आजचा अख्खा दिवस एका मोटर ड्रायव्हरपायी, म्हणजे मोटरला वीज पुरवून ती चालवणाऱ्या चिपपायी गेला, पण मन भरलं. चार सेलचा ६ व्होल्टचा पॅक, दोन छोट्या गिअर मोटर आणि एल२९८ ही ड्रायव्हर चिप. त्यांवर चालणारी छोटी गाडी नुसती रांगत होती. मल्टीमीटर लावला तर मोटरच्या टोकांवर जेमतेम ४ व्होल्ट! बाकीचे चिपमध्येच उष्णता होऊन जात होते. हीटसिंकला बोट टेकवत नव्हतं. चिप खराब नाही, तिच्यात जुन्या पद्धतीचे बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत. १ अँपिअरला दोनेक व्होल्ट ती खातेच. २४ व्होल्टवर ते जाणवत नाही, ६ व्होल्टवर फार जाणवतं.

मग टीबी६६१२ ही दुसरी ड्रायव्हर चिप लावली. आत मॉसफेट (वेगळ्या प्रकारचे ट्रान्झिस्टर), रोध साधारण अर्धा ओहम, म्हणजे १ अँपिअरला अर्धाच व्होल्ट जातो. चॅनेलमागे, म्हणजे एका मोटरमागे, सलग १.२ अँपिअर झेपतात. म्हणून आधी चाक हाताने घट्ट धरून मोटर अडकल्यावरचा करंट मोजला: ०.९. बसतंय!

तरी मोटर हलेना. अर्ध्या तासाने लक्षात आलं, स्टँडबाय पिन मोकळी होती; ती मोकळी असली की चिप झोपलेलीच राहते. ती ५ व्होल्टला जोडली आणि दोन्ही चाकं एकदम भरारली. तो आवाज अजून कानात आहे.