समुद्रात मीठ सोडायची एनओसी

हॉलच्या फरशीवर मिठाची जाळी घातली, खाडीचे फाटे फुटतात ना तशी, आणि सात दिवसांनी मोडली. मांडणी दोन रात्रींत झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते परवानगीचं, अजून डोकं तापतं.

कल्पना जपानचे कलाकार मोतोई यामामोतो यांची. बहीण १९९४ मध्ये ब्रेन कॅन्सरने गेली, त्यातूनच ते पुढे मिठाचे चक्रव्यूह घालायला लागले आणि शेवटी लोकांकडूनच ते मीठ समुद्रात सोडतात. म्हटलं आपलं शिरोडा, मिठागरं दारात, समुद्र दहा मिनिटांवर, आपणही करू.

मार्चमध्ये हॉलसाठी अर्ज दिला. शेवटचा रकाना, 'साहित्याची विल्हेवाट'. मी शहाण्यासारखं खरं लिहिलं, 'समुद्रात सोडणार'. तिथेच गाडं अडलं.

"समुद्रात? मगे एनओसी व्हयी."

कोणाची?

"ता तुमीच बघा."

दुसऱ्या ऑफिसात गेलो तर म्हणे समुद्र आमच्याकडे येतो पण मीठ येत नाही, तिसऱ्यात साहेब मीटिंगला, पुढच्या वेळी साहेब होते तर म्हणाले आधी पहिल्या ऑफिसचं पत्र आणा. अहो साठ किलो मीठ, समुद्रातलंच! याच शिरोड्यात १९३० मध्ये लोकांनी कुणाला न विचारता मीठ उचललं, आणि मी परत ठेवायला हाफ डे टाकून हिंडतोय. पाच खेपा झाल्या. शेवटी तिथले म्हातारे शिपाईकाका हळूच म्हणाले, "ता खोडा आणि लिवा, अर्जदार स्वतः घेऊन जाईल." दोन दिवसांत सही! तर तुम्ही पहिल्यांदाच हे लिहा, बाकी काही लक्षात नाही ठेवलंत तरी चालेल.

पण तोवर मे संपत आला. हवेत ७५ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की शुद्ध मीठही पाणी धरतं, आणि आपल्या आगरातलं जाडं मीठ त्याही आधी, कारण त्यात मॅग्नेशियम राहिलेलं असतं. तिसऱ्या दिवशी कडा पाझरायला लागल्या, बारीक रेघा फरशीला चिकटल्या. एप्रिलमध्ये करा म्हणून सांगतो. हो, आणि गिरणीवाला मीठ दळून देत नाही, जातं गंजतं म्हणतो, बारीक रेघांना पाकिटाचंच घ्या. सॉसची पिळायची बाटली मिळते ती बरी, हाताने रेघ सारखी येत नाही.

शेवटच्या दिवशी वाडीतली पोरं तांबे-डबे घेऊन आली, सगळं खरवडून वेळागरावर नेलं. लाटेत ओतलं आणि संपलं, एका मिनिटात.

दोन हजार डिपॉझिट अजून अडकलंय. साहित्य हलवल्याचा फोटो मागितला म्हणून ओतून झाल्यावरचा दिला. क्लार्कने मोबाइल डोळ्यांजवळ धरला, झूम केला.

"ह्यात मीठ खंय दिसता?"